विधवेच्या हातचा नारळ

"विधवेच्या हातचा नारळ दर्या घेत नाही, सुभेदार! हे काय आज मी नवं सांगतोय?"

"मग कुणाच्या हातचा घेतो? तुमच्या?"

आरमाराचा सुभेदार बावाजी मयेकर इतक्या जोरात ओरडला की धक्क्याच्या कडेला बसलेले बगळे उडाले आणि राणीसाहेबांच्या मागं उभ्या असलेल्या दासींनी एकमेकींकडं पाहिलं. राज्याच्या कारभाऱ्याशी, तेही राणीसाहेबांच्या सख्ख्या थोरल्या भावाशी, असं बोलायची वेताळदुर्गात रीत नव्हती. पण बावाजीला रीत आठवायची ती नेहमी ओरडून झाल्यावर.

दिवस नुकता वर येत होता. पुनवेची ओहोटी, त्यामुळं समुद्र पार लांब सरकलेला. खाडीच्या तोंडावर काळ्या कातळावर वेताळदुर्ग उभा होता, त्याच्या तटाला शेवाळ आणि कालवं चिकटलेली उघडी दिसत होती, आणि तोंडाच्या पलीकडं पाण्याखाली आडवी पडलेली वाळूची पट्टी अधूनमधून पांढरी फुटत होती. किल्ल्याच्या पोटाशी, पुळणीवर, राज्याच्या गुराबा, म्हणजे लढाऊ गलबतं, ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या. सगळा पावसाळा त्या माडाच्या झापांखाली झोपून होत्या. आज झापा काढल्या होत्या, तळाला राळ आणि तेल चोपडलं होतं, डोलकाठ्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. आज नारळी पुनव होती. दुपारच्या भरतीला गुराबा पाण्यात उतरायच्या होत्या.

उतरवायच्या कुणाच्या नावानं, यावरच सगळं अडलं होतं.

वेताळदुर्गाची चाल अशी, की पुनवेचा पहिला नारळ राजा स्वतः दर्याला देतो. तो पाण्यात पडल्याशिवाय एकही होडी ओली होत नाही. आणि ज्याच्या हातून तो पडला, त्याचंच आरमार वर्षभर. खलाशी त्याचे, गोलंदाज त्याचे, तांडेल त्याचे. राजे जेठात तापानं गेले. पोटी मूल नव्हतं. मागं राहिल्या त्या राणी गजराबाई आणि त्यांचे भाऊ, कारभारी सर्जेराव सुर्वे, जे कालपासून जरीचा अंगरखा घालूनच फिरत होते.

"मी राज्याचा कारभारी आहे," सर्जेराव आता गोड आवाजात म्हणाले. चिडलेल्या माणसापुढं ते नेहमी गोड व्हायचे, त्यानं समोरचा आणखी चिडायचा. "महाराजांच्या माघारी कुणीतरी पुरुषानं हे करायला हवं. नारळ मी देतो. गुराबा नेहमीसारख्या बाहेर जातील, फेरी मारतील, परत येतील. यात तुमच्या अंगाचा एवढा तिळपापड का व्हावा?"

"कारण बाहेर टोपीवाले उभे आहेत."

"पाहुणे आहेत ते! महाराजांच्या दुखवट्याचा पोशाख घेऊन आलेत."

वाळूच्या पट्टीपलीकडं टोपीवाल्यांची दोन जहाजं परवापासून नांगरून होती. एक थोरलं, तीन काठ्यांचं, आणि एक धाकटं, दोन काठ्यांचं. बावाजी पहाटे उठून दर्याबुरुजावर गेला होता आणि उजेड फुटेपर्यंत त्यांच्याकडं टक लावून बसला होता. त्याचे डोळे असे होते की लांबच्या शिडाचं ठिगळसुद्धा त्याला दिसायचं.

"कारभारी," तो म्हणाला, "त्यांनी आपल्या लहान होड्या पाण्यात सोडल्यात. किनाऱ्याच्या बाजूनं नाही, समुद्राच्या बाजूनं, म्हणजे इथून दिसू नये म्हणून. लाटेनं एक होडी पुढं आली तेव्हा मी पाहिलं. आत मनगटाएवढ्या जाडीच्या दोरांची वेटोळी आहेत. जहाज ओढून न्यायचे दोर. दुखवट्याला कुणी दोर घेऊन येतं?"

सर्जेराव हसले. त्यांचे दोन हुजरेही हसले.

"राणीसाहेब, ऐकलंत? दोर दिसला! उद्या सुभेदारांना पाहुण्यांच्या हातात चमचा दिसेल आणि म्हणतील खंजीर आहे."

हुजरे पुन्हा हसले. बावाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं कमरेला हात घातला, पण तिथं काही नव्हतं. आज कुणाच्याच कमरेला काही नव्हतं. पहिल्या फेरीला हत्यार न्यायचं नाही, हीही तिथली चालच. आईच्या घरात कुणी तलवार उपसून शिरतं का, असं कोळी म्हणायचे. म्हणून गुराबांच्या तोफा उतरवून पुळणीवर ओळीनं मांडल्या होत्या, दारू किल्ल्यात होती, आणि राज्याचं सगळं आरमार दुपारी नुसत्या माळा घालून, रिकाम्या हातानं, टोपीवाल्यांच्या पुढून जाणार होतं. हे सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. टोपीवाल्यांना कुणी सांगितलं असेल, तेवढंच काय ते बावाजीला सिद्ध करता येत नव्हतं.

आरमार गेलं की राज्य गेलं. वेताळदुर्गाला शेत नव्हतं, डोंगर नव्हता. होत्या त्या ह्या गुराबा. बावाजीनं त्यांच्यातल्या प्रत्येकीची फळी न् फळी हात लावून पाहिलेली होती, आणि आता त्याला वाटत होतं की आपण सगळं खरं बोलतोय आणि नुसतं ओरडण्यामुळं हरतोय.

राणी गजराबाई सगळं ऐकत होत्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढून त्या धक्क्यावरच्या चौरंगावर बसल्या होत्या. त्या आता म्हणाल्या, "दादासाहेब."

"आज्ञा."

"आपण सुभेदारांचं समाधान करू. ह्या खेपेला गुराबांवर तोफा चढवून जाऊ देत. पाहुणेच आहेत, तर त्यांना तोफांचं काय वाटायचंय?"

सर्जेरावांनी एकदा बाहेरच्या जहाजांकडं पाहिलं. धक्क्यावरच्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं.

"चाल मोडायची?" ते शेवटी म्हणाले. "दर्याचा कोप ओढवून घ्यायचा?"

"बरं. मग गुराबा आज उतरवायच्याच नाहीत. पाहुणे गेल्यावर उतरवू."

"असं कसं? मुहूर्त आहे... मी त्यांना..." आणि कारभारी थांबले.

"तुम्ही त्यांना काय, दादासाहेब?"

पाणी कातळावर चुबकचुबक वाजत होतं. सर्जेरावांचा चेहरा बदलला. गोडवा गेला आणि खाली जे होतं ते वर आलं.

"मी त्यांना शब्द दिलाय! होय, दिलाय! ह्या कुजक्या लाकडांच्या बदल्यात ते आपली गादी राखणार आहेत. तुझीच गादी, गजरा! ह्या मयेकराच्या जिवावर किती दिवस काढशील? आणि नारळ मीच देणार, कारण तू दिलास तर एक खलाशी गुराबेला हात लावणार नाही. विचार ह्यांना! विचार!"

हे मात्र खरं होतं. पुळणीवर गोळा झालेले खलाशी खाली बघू लागले. ते राणीला मानत होते, पण दर्याला भीत होते. बावाजीनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. वादळात डोलकाठीवर चढणारी माणसं ती, आणि आता पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होती.

"अरे, बोला की!" तो ओरडला. "तोंडात काय शिंपले भरलेत?"

मग कोळणींच्या घोळक्यातून हिरूबाय पुढं आली. कोळीवाड्याच्या पाटलाची बायको होती ती. पाटील गेल्यापासून पाटीलकी तीच करायची, आणि तिच्या आवाजाला मासळीबाजारातली गिऱ्हाइकंच नाहीत, तर व्यापारीही टरकायचे.

"ए कारभारी," ती म्हणाली, "माजा नवरा कुटं मेला, ठाव हाय?"

"हे काय विचारणं?"

"ह्याच दर्यात. माजा दीर ह्याच दर्यात. ही काशी उभी हाय, हिचा नवरा आन् ल्योक दोगं एका दिशी. अर्धा कोळीवाडा रांडव हाय, आन् केला कुनी? दर्यानं केला. त्यानं आमचं कुकू घेतलं तवा त्याला इटाळ न्हाय झाला, आन् आमच्या हातचा नारळ घ्यायला इटाळ व्हतोय व्हय?" ती खलाशांकडं वळली. "आन् तुमी रं? तुमच्या आया कोन हायत? घरी गेल्यावर आईच्या हातचं जेवता का वकता?"

एक म्हातारा तांडेल हसला. मग त्याच्या शेजारचा. आणि मग सगळ्या पुळणीवर एक गलका उठला, हसण्याचा की रडण्याचा ते कळू नये असा, आणि त्या गलक्यात राणी गजराबाई चौरंगावरून उठल्या.

त्यांनी पदर कपाळावरून मागं सारला. हिरूबायनं ताटातला सोन्याचा पत्रा मढवलेला नारळ त्यांच्या हातात दिला. सर्जेराव आडवे यायला निघाले, तेव्हा बावाजी नुसता मध्ये जाऊन उभा राहिला. हात बांधून.

"सरका, सुभेदार."

"नाही."

"मी हुकूम करतोय!"

"जमिनीवर करताय. आणि इथून पुढं पाणी आहे."

वाद वाढता वाढता दिवस बराच वर आला होता आणि भरती चढत होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. राणी उरलेल्या पायऱ्या उतरल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या आणि दोन्ही हातांनी नारळ सोडला. तो बुडाला, वर आला, एक गिरकी घेतली आणि किनाऱ्याकडं न येता सरळ दर्यात निघाला. पुळणीवरून जी आरोळी उठली ती टोपीवाल्यांच्या जहाजांवरही ऐकू गेली असणार.

सर्जेराव तेवढ्यात किल्ल्याच्या दाराकडं निघून गेले होते.

"सुभेदार," राणी ओल्या पदरानं वर येत म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"चाल पाळायची."

"म्हणजे?"

"फेरीला जायचं, आईसाहेब. रिकाम्या हातानं. आपण घाबरून आत बसलो तर ते भरतीवर आत येतील आणि पुळणीवरच गुराबा जाळतील. त्यापेक्षा मीच त्यांच्याकडं जातो."

"आणि त्यांनी धरलं तर?"

बावाजी पट्टीवरच्या पाण्याकडं बघत होता. "त्यांना आपली चाल माहीत आहे," तो म्हणाला. "आपली वाळू माहीत नाही."

ओंडके वाजले, दोर ताणले गेले, खलाशांच्या आरोळीबरोबर एकेक गुराब घसरत पाण्यात शिरली. तोफा नाहीत, दारू नाही, त्यामुळं त्या इतक्या हलक्या होत्या की पाण्यावर बदकासारख्या तरंगत होत्या. भरतीच्या माथ्यावर त्या वाळूच्या पट्टीवरून अलगद पलीकडं गेल्या, सगळ्यांत पुढं बावाजीची 'रणलाट', आणि तिच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बावाजी स्वतः, उघड्या डोक्यानं, कमरेला फुलांची माळ.

टोपीवाले तयारच होते. जहाजांच्या आडून होड्या निघाल्या, दोरांची वेटोळी घेऊन, आणि त्यांच्यामागं धाकटं जहाज शिडं उघडून आलं. भोंग्यातून दुभाष्याचा आवाज आला, "शिडं उतरवा! कारभाऱ्यांशी करार झालाय! शिडं उतरवा, कुणाला काही करणार नाही!"

"कारभारी बदलले!" बावाजी ओरडला.

"काय?"

"काही नाही! या, जवळ या!"

त्यानं बाकीच्या गुराबांना हातानं खूण केली. त्या वळल्या आणि खाडीकडं फिरल्या. रणलाट मात्र मुद्दाम रेंगाळली. शीड अर्धं पाडलं, सुकाणू सैल सोडलं, नांगर तुटलेल्या जहाजासारखी ती डुलत राहिली. होड्यांतल्या एकीनं दोर फेकला, तो नाळेवर पडलाही, आणि बावाजीनं तो उचलून परत त्यांच्याच अंगावर फेकला. तेव्हा धाकट्या जहाजाची पहिली तोफ उडाली.

गोळा डोलकाठीत बसला. काठी माळेसकट कोसळली, तिच्याखाली म्हातारा तांडेल सापडला, सकाळी सगळ्यांत आधी हसलेला तोच. दुसऱ्या गोळ्यानं वल्ह्यावरची दोन माणसं नेली. बावाजीच्या हातात काही नव्हतं. मारायला काही नव्हतं. त्याला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, आणि पहिल्यांदाच त्याला कळत होतं की हा राग आता गिळायचा आहे, वल्ह्यांचा ताल चुकू द्यायचा नाही.

"हैसा!" तो ताल देत राहिला. "हैसा! मागं बघू नका! हैसा!"

रणलाट जखमी बदकासारखी पट्टीकडं निघाली. मागं धाकटं जहाज. थोरल्या जहाजावरून त्याला निशाणं दाखवत होते, थांब म्हणून सांगत असावेत. पण समोर काठी मोडलेली, तोफ नसलेली गुराब आहे आणि हातभर अंतरावर आहे, अशा वेळी कोण थांबतं? पाणी उतरू लागलं होतं. पुनवेचं पाणी जसं चढतं तसंच उतरतं, भसकन. रणलाटेच्या तळाला वाळू खरवडल्याचा आवाज आला. बावाजीच्या पायाखालून तो आवाज वर आला, त्याचे दात शिवशिवले, गुराब क्षणभर अडकली, खलाशांनी पाण्यात उड्या टाकल्या, खांदे लावले, आणि ती सुटून आत गेली.

धाकटं जहाज सुटलं नाही.

त्याचं पोट खोल होतं आणि आत तोफा, गोळे, पिंपं भरलेली. ते पट्टीवर चढलं, थरथरलं आणि बसलं. शिडं भरलेली, वारा चांगला, आणि जहाज जागच्या जागी. मग पाणी उतरत गेलं तसं ते हळूहळू एका कुशीवर कलत गेलं. त्याच्या एका बाजूच्या तोफांची तोंडं आकाशाकडं झाली, दुसऱ्या बाजूच्या तोफांची चिखलात.

ह्याच वेळी सर्जेराव किल्ल्याच्या दर्याबुरुजावर होते. खाली रणलाट आत येत होती, माऱ्याच्या अगदी पुढ्यात. "उडवा!" ते गोलंदाजांना म्हणाले. "तो मयेकर फितूर आहे. बत्ती द्या!"

गोलंदाजांचा नाईक धोंडजी आंबेरकर. त्यानं बत्ती हातातच ठेवली.

"नारळ कुणी दिला, साहेब?" त्यानं विचारलं.

"काय?"

"सकाळी दर्याला नारळ कुणी दिला? आम्ही वरून बघत होतो."

सर्जेरावांनी बत्ती हिसकावून घेतली. धोंडजीनं ती त्यांच्या हातातून काढून पाण्याच्या बादलीत विझवली आणि मग कारभाऱ्यांना कोपराला धरून, पडू नयेत असं सांभाळत, खाली कोठडीपर्यंत नेलं.

फेरी झाली होती. चाल पाळली गेली होती. बावाजीनं जखमी उतरवले, तांडेलाच्या अंगावर स्वतःचं उपरणं घातलं आणि मग पुळणीवरच्या तोफांकडं बोट दाखवलं. "आता चढवा."

संध्याकाळपर्यंत कललेल्या जहाजाच्या पिछाडीला छोट्या होड्या लागल्या, प्रत्येकीच्या नाळेवर एक तोफ. पिछाडीकडून येणाऱ्यावर टोपीवाल्यांना एकही गोळा टाकता येत नव्हता. दोन वेळा झाडल्यावर वरून पांढरं फडकं हललं. थोरलं जहाज लांबून बघत राहिलं. ते पट्टीच्या जवळ यायला धजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरेवर राणी गजराबाईंनी बावाजीपुढं कारभाराची वस्त्रं ठेवली.

"नको, आईसाहेब. जमिनीवर मला चक्कर येते."

"येऊ दे. सवय होईल."

"मला बोलता येत नाही. मी ओरडतो."

"काल सगळे गोड बोलत होते, सुभेदार. त्यातून काय निघालं ते पाहिलंत." राणींनी तबक पुढं सरकवलं. "दादासाहेबांना मी मारणार नाही, भाऊ आहेत. पण राज्य भावांचं नसतं. घ्या."

सदरेवरच्या मानकऱ्यांपैकी एक जण कुजबुजला, "खलाशाच्या अंगावर कारभाऱ्याची शाल!" बावाजीला ते ऐकू गेलं. त्यानं वळून त्या माणसाकडं पाहिलं, मग शाल उचलली आणि खांद्यावर टाकली, मिठानं पांढऱ्या पडलेल्या अंगरख्यावरच. पुढं कितीतरी वर्षं ज्यानं वेताळदुर्गाचं राज्य चालवलं, आसपासच्या संस्थानांना एका बाजूला उभं केलं आणि टोपीवाल्यांना किनाऱ्यावर वखार घालू दिली नाही, त्या बावाजी कारभाऱ्यांचा कारभार त्या कुजबुजीनंच सुरू झाला. पहिलं काम दुपारीच होतं. थोरल्या जहाजावर जाऊन बोलायचं.

तो एका मचव्यातून गेला. बरोबर चार वल्हेकरी, हत्यार नाही. कप्तान उंच पाठीच्या खुर्चीत बसला होता आणि समोर एक बुटकं स्टूल ठेवलं होतं. बावाजी उभाच राहिला.

दुभाष्यानं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, "कप्तानसाहेब म्हणतात, आमचं जहाज आणि माणसं परत करा. सर्जेरावांना सोडा. आणि ह्यापुढं तुमच्या गुराबा दर्यावर काढायच्या तर आमचा परवाना घ्यावा लागेल."

"माणसं जेवलीत," बावाजी म्हणाला. "जखमींना पट्ट्या बांधल्यात. आज संध्याकाळी पाठवतो. जहाज मिळणार नाही, माझी तीन माणसं गेलीत. सर्जेराव आमच्या घरचे आहेत, त्यांचं आम्ही बघू."

"आणि परवाना?"

"तो तुम्ही घ्यायचा. आमच्याकडून. ह्या खाडीसमोरून जाताना."

दुभाष्यानं हे कप्तानाला सांगायला जरा वेळ घेतला, बहुतेक मऊ करून सांगत होता. तरी कप्तानाचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला आणि दाराशी दोन बंदूकवाले येऊन थांबले.

"कप्तानसाहेब विचारतात, तुम्हाला इथंच ठेवून घेतलं तर?"

"ठेवा. मग कारभारी दुसरा नेमतील. आईसाहेब जिवंत आहेत, हिरूबाय जिवंत आहे, आणि त्या दोघींपेक्षा मी मवाळ आहे हे तुम्हाला लवकरच कळेल." त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. पट्टीवरच्या पाण्याचा रंग बदलायला लागला होता, निळ्याखालून पिवळा दिसत होता. "कालचं जहाज कुठं बसलंय ते तुम्हाला इथून दिसतंच आहे. पुढच्या पुनवेला पुन्हा या. पाणी तसंच असेल. वाळूही तिथंच असेल."

कप्तान काहीतरी बोलू लागला, मोठ्यानं, टेबलावर हात आपटत. दुभाष्यानं तोंड उघडलं.

"राहू द्या," बावाजी म्हणाला आणि शाल सावरत दाराशी उभ्या दोघांच्या मधून वाट काढली. "ओहोटी लागली. मला आता निघायला हवं."